हर्षाच्या नजरेतून जपान

पवनी,
२ डिसेंबर २०२४

चि. हर्षा हिस,
परसराम खोब्रागडेचा, म्हणजे तुझ्या बापाचा, जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पाकीट पोहोचलं. फोनवर फोटो पाठवू नकोस, कागदावर पाठव, हा माझा हट्ट तू पाळतेस याचं मला फार कौतुक वाटतं. तीस वर्षं स्टुडिओ चालवलेल्या माणसाला बोटानं सरकवायचा फोटो फोटोच वाटत नाही. लाल पानांमागचं ते देऊळ मी स्टुडिओच्या काचेत लावलं. दोन दिवसांत अर्धी पवनी पाहून गेली. विहार समितीचे सचिव जागेश्वर गजभिये म्हणाले की मुलीनं बापाला मागे टाकलं. मी नम्रपणे मान हलवली. नम्रता मला कितपत जमते हे तुला माहीतच आहे.

तुझ्या आईची मात्र एकच तक्रार, की एकाही फोटोत तू नाहीस. रविवारी व्हिडिओवर दिसतेस, पण मागे तीच पांढरी भिंत. मी तिला समजावलं की फोटो काढणारा फोटोत नसतो. तुला तिकडच्या वृद्धाश्रमात नोकरीला पाठवायला ती तयार नव्हती. पोरगी म्हाताऱ्यांची सेवा करील आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन देश पाहील, असं मी भांडून भांडून तिच्या गळी उतरवलं. आता पाकीट आलं की मी ते तिच्यापुढे ठेवतो आणि गप्प बसतो. जिंकल्यावर बोलायची गरज नसते.

थंडीत जप. लोभ आहेच, तो पाकिटातून येत राहू दे.

तुझे बाबा


नागानो,
२९ डिसेंबर २०२४

ती. बाबांना आणि आईला हर्षाचा सविनय जय भीम, वि. वि.

मी मजेत आहे. काम हलकं आहे, आजी-आजोबा शांत आहेत आणि सुट्ट्या भरपूर मिळतात. आईला सांगा की दोन्ही वेळ भातच खाते. इथला तांदूळ चिकट असतो, आपल्या भातासारखा मोकळा होत नाही, पण पोट भरतं.

सोबत दोन फोटो आहेत. एक बर्फातल्या देवळाचा. दुसरा ऑगस्टमधल्या जत्रेचा. इथले लोक देवाचं छोटं देऊळच खांद्यावर घेऊन गल्लीगल्लीतून नाचत फिरतात. तुम्ही विचारायच्या आधीच सांगते, हा एका घराच्या गच्चीवरून घेतलाय. आमच्याकडे ओकुमुरा नावाचे नव्वदीचे आजोबा आहेत. पूर्वी ते कॅलेंडरांसाठी फोटो काढायचे. कुठली जागा चांगली ते मला त्यांच्याकडूनच कळतं.

बाबा, काचेत एकच फोटो लावा, फार लावू नका. लोकांची दृष्ट लागेल असं मी म्हणणार नाही, तुम्ही मला दिवसभर ऐकवाल. पण नका लावू.

तुमची माया अशीच असू द्या.

हर्षा


पवनी,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षा हिस, जय भीम व आशीर्वाद.

बातमी मोठी आहे, म्हणून आधी बस. बुद्ध पौर्णिमेला विहाराच्या सभागृहात तुझ्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं आहे. नाव मीच सुचवलं: ‘हर्षाच्या नजरेतून जपान’. दहा फुटांचा फ्लेक्स सांगितला. त्यावर तुझा पासपोर्टचा फोटो आणि शेजारी जागेश्वररावांचा. त्यांना स्वतःचा जरा मोठा हवा होता. बऱ्याच चर्चेनंतर दोघांचे डोळे एका रेषेत आणले आहेत.

जत्रेचा फोटो मी भिंग लावून पाहिला. बराच वेळ पाहिला. चांगला आहे.

आता फक्त चेरीच्या फुलांचा एक पाठव. ती फुलं असल्याशिवाय हे जपान आहे असं इथं कोणी मानणार नाही. आई विचारते की तू बारीक का दिसतेस. व्हिडिओत सगळेच बारीक दिसतात, असं मी तिला सांगितलं.

वाट पाहतो. इकडची ओढ कमी होऊ देऊ नकोस.

तुझे बाबा


नागानो,
१९ एप्रिल २०२५

ती. बाबांना सविनय जय भीम.

बाबा, प्रदर्शन थांबवा. त्यातला एकही फोटो माझा नाही.

सगळे ओकुमुरा आजोबांचे आहेत, चाळीस वर्षांपूर्वीचे. त्यांच्या कपाटात खोकी भरून फोटो आहेत आणि ते पाहायला मुलं येत नाहीत. अंघोळ घातल्यावर स्वारी खूश असली, की एक फोटो काढून माझ्या हातात ठेवतात आणि ती जागा कुठली ते सांगतात. तेच मी तुम्हाला लिहून पाठवते. दहा महिन्यांत मी एक देऊळ पाहिलं, तेही बसच्या खिडकीतून. आठवड्याला एक सुट्टी असते, ती झोपण्यात जाते. म्हातारी माणसं उचलून उचलून माझी पाठ गेली आहे.

तुम्ही आईशी भांडून मला पाठवलंत. कॅमेरा बॅगेतून निघतच नव्हता आणि तुम्ही तर फोटो मागत होता. म्हणून एक पाकीट पाठवलं. ते तुम्ही काचेत लावलंत, मग मला मागे फिरता येईना. मला फार लाज वाटते आहे.

चेरी फुलली आहे. गाड्या लावायच्या जागेमागे दोन झाडं आहेत, आम्ही चादरी वाळत घालतो तिथून दिसतात. परवा पाच मिनिटं मिळाली तेव्हा कॅमेरा बाहेर काढला. सोबतचा फोटो तेवढा माझा. वाकडा आलाय, आणि फुलांपेक्षा चादरीच जास्त आल्यात.

मला रागवा, पण आईला इतक्यात काही सांगू नका.

तरीही तुमचीच,
हर्षा


पवनी,
१४ मे २०२५

चि. हर्षा हिस,
जय भीम. आशीर्वाद द्यायला आज जरा संकोच वाटतो, तरी देतो.

रागवायचा अधिकार मला नाही. मला जानेवारीपासून ठाऊक होतं. त्या जत्रेत तीन-चारशे माणसं आहेत आणि एकानंही फोन वर धरलेला नाही. फेब्रुवारीत रुयाडला महास्तूपाच्या मेळ्याला गेलो, तिथे भंतेजी दिसत नव्हते, वर धरलेले फोनच दिसत होते. शिवाय तो छपाईचा कागद बाजारातून गेला तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. तेव्हाच मी विचारायला हवं होतं, की पोरी, तुझं काय चाललंय. पण रस्त्यात लोक मला थांबवून तुझं कौतुक करत होते. ते मला गोड लागलं. तू खोटं बोललीस ते मला वाईट वाटू नये म्हणून. मी गप्प बसलो ते माझ्या हौसेपायी. माझी चूक मोठी आहे.

तुझं पत्र पौर्णिमेच्या तीन दिवस आधी मिळालं. प्रदर्शन थांबवलं नाही, पण माईकवर, तुझ्या आईदेखत, सगळं खरं सांगितलं, फोटो ओकुमुरा आजोबांचे आणि शेवटचा एकच आमच्या हर्षाचा. सभा पेटेल अशी माझी तयारी होती. जागेश्वररावांनी टाळ्या वाजवल्या, पाहुणे दोन देशांच्या मैत्रीवर वीस मिनिटं बोलले, आणि लोक चहाकडे वळले. फ्लेक्सवर तुझंच नाव राहिलं. ते झाकायला आणलेला कागद तोकडा पडला.

तुझा फोटो मी दाराजवळ लावला. एकानं विचारलं की हा चुकून लागला का. मी त्याला तिरपी चौकट आणि चादरीतून झिरपणारा उजेड समजावून सांगितला, पंधरा मिनिटं तरी बोललो असेन. तुझ्या आईनं बाकीचे फोटो पाहिलेच नाहीत. चष्मा पुसून ती त्या एकाच फोटोपुढे उभी राहिली, सतरंज्या उचलेपर्यंत. मग मला सगळ्यांदेखत विचारलं, “एवढ्या चादरी माही पोरगी एकटीच धुऊन राहिली काय?”

मी त्या फोटोत फक्त उजेड पाहिला होता.

तेव्हा तिला उत्तर तूच लिही. यायचं असेल तर तसं लिही, राहायचं असेल तर तसं. या खेपेला फोटो नको.

आमचा जीव तुझ्यात आहे, एवढं धरून चाल.

तुझे बाबा, आणि शेजारी बसलेली आई