राखीव फळीवरची चिठ्ठी

माणसाने मृत्युपत्र कितव्या वर्षी करावं? मला सांगता येत नाही. माझं वय सव्वीस, प्रकृती ठणठणीत, डोकं ठिकाणावर. शिंप्याची थोरली मुलगी, घरातली पहिली पदवीधर, अशी मी हे कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

१. बँकेतली माझी सगळी शिल्लक धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी. तिने पदवी घ्यावीच. आईने "आता पुरे" म्हणू नये.

२. माझे शब्दकोश आणि पुस्तकं बाबांच्या दुकानात मधल्या फळीवर ठेवावीत. गिऱ्हाईक मापासाठी थांबतं, तेवढ्यात चार ओळी वाचून होतील.

३. काका म्हणाले होते, "शिकून काय दिवे लावणार आहेस?" त्यांना माझा टेबलावरचा दिवा द्यावा. बल्ब नवीन आहे.

४. मी हे आत्ताच का लिहिते आहे, तेही नोंदवते. चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी मागच्या महिन्यात पहिल्यांदा गेले. मालक आजोबा चौथ्या पिढीतले. तिथल्या लाकडी खांबांवर लेखकांच्या पेन्सिलीतल्या सह्या आहेत आणि खिडकीजवळच्या बाकावर बसून कित्येकांनी आपली मुद्रितं तपासली आहेत. मागे राखीव पुस्तकांची फळी. प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी: नाव, तारीख आणि एक क्रियापद. एका कवयित्रीबाईंच्या चिठ्ठीवर होतं 'नेल्या', तारीख त्यानंतरच्या गुरुवारची.

"आजोबा, पुस्तक 'नेले' हवं ना?" मी म्हटलं. "आणि गुरुवार तर अजून यायचाय."

"शिकलेली दिसतेस," ते हसले. "अगं, पुस्तकाबद्दल नाही ते."

"मग कोणाबद्दल?"

"अक्षर माझंच आहे, पोरी. लिहिल्याचं मात्र आठवत नाही."

गुरुवारी कवयित्रीबाई त्याच बाकावर बसल्या जागी गेल्या. पुस्तक मांडीवर उघडं होतं.

५. परवा मी पुन्हा गेले. फळीवरच्या एका नव्या पुस्तकात धाकटीचं नाव होतं. तिने त्या दुकानात कधी पाऊलही टाकलेलं नाही. 'नेली', तारीख येत्या सोमवारची. मी चिठ्ठी फाडायला घेतली, तर आजोबांनी माझा हात धरला. "उपयोग नाही गं. माझ्या बायकोची मी फाडली होती. सकाळी पुन्हा जागेवर होती."

६. धाकटीला कलम चार ते सात वाचून दाखवू नयेत. मी आपली कशाने तरी गेले, एवढंच सांगावं. तिला विचारत बसायची खोड आहे. तेव्हा सगळ्यांनी आधीच एक काय ते ठरवून ठेवावं.

७. काल दुपारी मी त्या चिठ्ठीवरचं धाकटीचं नाव खोडून तिथे शाईने माझं लिहिलं. क्रियापद बदलावं लागलं नाही. पुस्तक फळीवर परत ठेवून आले आहे.

स्थळ: बाबांचं दुकान, कापड बेतायचं टेबल
दिनांक: शनिवार, सकाळ
(सही) थोरली

साक्षीदार, ज्यांनी फक्त सही होताना पाहिली, मजकूर वाचला नाही:
१. शेजारच्या नर्सबाई (सही)
२. काज-बटणं करणारे मामा (सही)