कांदेनवमीला तूच कर

बकुळ,

तुझी भरलेली बॅग पाहिली. काल ढुंढिराजभावजींच्या घरच्यांपुढे तुझ्या चीज घालून भाजलेल्या कांद्यांना मी साबण फासलेले कांदे म्हणाले, आणि तू न जेवता उठलीस.

आज कांदेनवमी. मग चार महिने या घरात कांदा शिजत नाही. म्हणून सकाळी तुझ्या त्या गोल ओव्हनमध्ये मीच करायला गेले. वरून कोळसा, आतून कच्चे! तुझं यंत्रही तुझ्यासारखंच, माझं ऐकत नाही. थकले बाई, नदीवर राजा घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसते.

कांदे सोलून ठेवलेत, चीज किसायचंय. कालच्याच मंडळींना आज परत जेवायला बोलावलंय. माहेरी जायचंच तर उद्या जा. आज तू कर. त्यांच्यादेखत पहिला कांदा मी मागून घेईन.

तुझी सासू