नाव मंजूर

४ जानेवारी, सकाळ
क्रीडाखात्याचं नवं धोरण आलं. यापुढे पैसा फक्त आंतरराष्ट्रीय पदकाची आशा असेल त्यांनाच. बाकीच्यांनी हौस म्हणून खेळावं. अगदी योग्य! आमच्या दोघांच्या बोटीत आशा कोण, हे उघड आहे. ताल मी देतो. मेहुणा माझ्या पाठीमागे बसतो, माझी पाठ बघून वल्ही मारतो. वल्हवणाऱ्यांची तोंडं मागे असतात, बोट उलटी चालते, म्हणून शर्यतीत तो आधी पोचल्यासारखा दिसतो, एवढंच.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला सराव.

५ जानेवारी
पाचला जाग आली होती. पण विश्रांती हाही सरावाचाच भाग.

१९ जानेवारी
खात्याची चाचणी. वल्ह्याच्या मशीनवर एकेकट्याने. माझ्या वेळी मशीन जड झालं होतं. कोचना सांगितलं. ते म्हणाले, मेहुण्यानेही त्यावरच केलं. मग त्यानेच बिघडवलं असणार.

२ फेब्रुवारी, दुपार
आला! क्लबच्या ग्रुपवर खात्याचा मेसेज. दोनच शब्द. नाव मंजूर.
कोणाचं, ते लिहायची गरजच काय? बायकोला सांगितलं तर तिने नेमकं तेच विचारलं. कोणाचं? हिला शंका काढायची सवयच आहे.

३ फेब्रुवारी
विमा ऑफिसात राजीनामा टाकला. साहेबांना म्हटलं, देशाला माझी गरज आहे. साहेब म्हणाले, मग रजा घ्या की, राजीनामा कशाला? लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. बायकोला संध्याकाळी सांगेन.

४ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं. अजून बोलत नाहीये. आनंद पचायला वेळ लागतो.

१० फेब्रुवारी
धक्क्यावर नवीकोरी बोट. पिसासारखी हलकी. कोच म्हणाले, मंजूर झालेली नाव आली बरं का. मी विचारलं, माझं नाव? ते म्हणाले, अहो नाव म्हणजे होडी! खात्यात सगळं शुद्ध भाषेत चालतं, बोट लिहिलेलं चालत नाही.
म्हणजे मंजूर झाली ती बोट. मी नाही.
तिच्यात बसणार मेहुणा आणि खांब. खांब म्हणजे क्लबमधला उंच सुतार, परवापरवापर्यंत त्याला पोहताही येत नव्हतं. मेहुण्याला चाचणीच्या दिवसापासून माहीत होतं. म्हणाला, भाऊजी, कसं सांगावं तेच कळेना. इतकी वर्षं माझ्या पाठीमागे बसला आणि माझ्या पाठीमागेच हे केलं! घरचा माणूस! लहानपणी याला सायकल मी शिकवली. आज जेवण गेलं नाही. फार लागलंय मनाला.

११ फेब्रुवारी
मेहुण्याशी बोलणं बंद. सरकारला उघडं पाडणारा लेख लिहिणार. पदक म्हणजेच खेळ का? हौशी खेळाडूंनी जायचं कुठे?
मथळा तयार आहे.

२ मार्च
सहज ऑफिसवरून चाललो होतो, म्हणून आत डोकावलो. माझ्या खुर्चीवर कोणीतरी बसलंय. साहेबांनी चहा पाजला, विषय काढला नाही. मीही काढला नाही. मानी माणूस आहे मी.

२० जून
उद्या परदेशात त्यांची अंतिम शर्यत. शेवटून पहिले येणार. तालच नाही तर बोट जाणार कुठे! क्लब विसरला, कोच फिरले. या सगळ्यात बायको तेवढी माझ्या बाजूची. भाऊ असूनही त्याच्याबद्दल एक शब्द काढत नाही. हे मी विसरणार नाही.

२१ जून
घर शेजाऱ्यांनी भरलेलं. मेहुण्याला आणि खांबाला कांस्यपदक. मी टाळ्या वाजवल्या. शेजारी बघत होते.
मग टीव्हीवर वार्ताहराने मेहुण्याला विचारलं, गेल्या वर्षी तुम्ही प्राथमिक फेरीतच बाद झालात, यंदा पदक, असा काय वेगळा जोर लावलात? तो बिचारा गोंधळला. म्हणाला, वेगळा काही नाही, गेल्या वर्षीही एवढाच लावत होतो.
बायकोने रिमोट घेऊन आवाज कमी केला. ऐकून तिला नवल वाटलंय असं काही दिसलं नाही.