दोन डाव्या बाह्या

प्रिय चिमणे,

तुझी पन्नाशी उलटली तरी मी तुला चिमणीच म्हणणार, चालवून घे. फोन हातात घेतला की तुझे भावोजी शेजारी येऊन बसतात, म्हणून हे पत्र. मी फार घाबरले आहे गं.

परवा एका कोटाच्या दोन्ही बाह्या मी डाव्याच कापल्या. कापड दुहेरी घालून कापलं की डावी-उजवी आपोआप निघते, त्याला डोकं लागतच नाही. मी एकेरी घातलं, दोन्ही वेळा एकाच बाजूनं. गिऱ्हाइकासमोर हसण्यावारी नेलं खरं, पण आत येऊन त्या दोन बाह्या कितीदा तरी एकमेकींवर ठेवून पाहिल्या.

मग ह्यांनी, तुझ्या भावोजींनी, मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई गोड आहेत. त्यांनी पाच शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलल्या आणि तेच शब्द परत विचारले. मला दोन सापडले, बाकीचे कुठे गेले देव जाणे. मग आजचा वार विचारला, तर माझी मान आपसूक ह्यांच्याकडे वळली आणि ह्यांनी चटकन सांगून टाकला. असं दोन-तीनदा झाल्यावर बाईंनी ह्यांना बाहेर बसायला सांगितलं. ते उठले तेव्हा मी त्यांची बाही धरून ठेवली होती.

रक्त तपासायला दिलंय, मेंदूचा फोटोही काढायचाय. थायरॉईडनं किंवा जीवनसत्त्व कमी पडलं तरी विसरायला होतं म्हणे. थायरॉईड निघू दे म्हणून हात जोडणारी मी एकटीच असेन! अल्झायमर असला तर त्याचं एकच कारण सांगता येत नाही, म्हणाल्या. वय असतं, मेंदूत काही प्रथिनं साचत जातात, थोडं घराण्यातलंही असतं. त्यावर मला आपली आई आठवली. तुलाही आठवलीच असेल.

पुढच्या खेपेला जवळचं माणूस आणा, म्हणाल्या. "तुम्ही काय विसरता ते तुम्हाला कसं कळणार? ते बघणाऱ्यालाच कळतं." बाईंनी आधी ह्यांनाच विचारलं होतं, तर हे म्हणाले, तिला काहीएक झालेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना धडधडीत खोटं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून तू ये. गेल्या वेळी निघताना तू दारात मला सोडतच नव्हतीस, डोळे भरले होते तुझे. आदल्या संध्याकाळी काय घडलं, ते मी खूप आठवून पाहिलं. स्वयंपाकघरात शिरले एवढं आठवतं, पुढचं काहीच नाही. ह्यांना विचारलं तर हे उठून गॅलरीत गेले. तुला ठाऊक आहे. ये, आणि बाईंना सगळं सांग. मी तिथंच बसेन, मलाही ऐकायचंय.

तुझीच,
ताई