शहाण्णवावा प्राणी

सिडको, नाशिक
१४ ऑक्टोबर २००७

प्रिय रोहित,

फोनवर तू 'हं, बोल' म्हणतोस आणि माझं निम्मं बोलणं तिथेच आटतं, म्हणून पत्र. मोठी बातमी आधीच सांगून टाकते. तुझा तो हातात धरून खेळायचा जपानी व्हिडिओ गेम माझ्याकडे आहे. दहावीत हरवलेला, तोच. मनोजने चोरला म्हणून सात वर्षं तू ज्याच्यापायी त्याचं तोंड पाहिलं नाहीस, तोच. कसा मिळाला ते पुढे येईल. तुला शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे, पण या वेळी ओळीने वाच.

जूनमध्ये तू बंगळूरला गेलास आणि घर इतकं आवरलेलं राहायला लागलं की मला करमेना. शाळेतून आले की दुपारपासून मी मोकळीच. तेव्हा तो गेम हातात घेतला. आतले सेल फुटून हिरवे झाले होते. मेन रोडवर दोघांना दाखवला, दोघेही म्हणाले, फेकून द्या. शेवटी जिथे जायचं टाळत होते तिथेच जावं लागलं. मनोजचं आता त्रिमूर्ती चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी ठोकून दिलं की भंगारवाल्याकडे मिळाला. त्याने उलटसुलट करून पाहिला, 'बघतो काकू' म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी चालू करून दिला. वर सांगितलं, 'आम्ही पकडलेले आतले पंच्याण्णव प्राणी जिवंत आहेत.'

जिवंत म्हणाला ना, मला राहवेना. तुझी आणि मनोजची ती दोनशे पानी वही मी कपाटातून काढली. जपानी तुम्हा दोघांनाही येत नव्हतं, म्हणून प्रत्येक प्राण्याला तुम्ही बारसं करून नाव दिलेलं. काट्या, भिजकी मनी, डोंगरभुत्या. एका पानावर तुझं अक्षर, दुसऱ्यावर त्याचं. शहाण्णवाव्या घरात पडद्यावर नुसती काळी सावली, आणि वहीत तिच्यासाठी अकरा पानं खर्ची घातलेली! तो मंगळवारीच येतो, तो पुलाखाली येतो, शंभर फेऱ्या मारल्या की येतो. मनोजने तर लिहिलंय, 'अंगारकीला बघणे.' मी एकटीच हसत बसले. पण खरं सांगू, तो दिसतो तरी कसा, हे मलाही बघावंसं वाटायला लागलं. तुझे बाबा म्हणतात, मुलगा गेला आणि आईच दहावीला बसली.

रोज चार वाजता मी दुकानात स्टुलावर. मनोज मोबाईल उघडता उघडता मला शिकवायचा. गवतात कसं शिरायचं, जाळं कधी टाकायचं, हे त्याच्याकडून शिकले. पण तुम्ही दोघं गेममध्ये सारखे धावत होतात, हे वहीवरून माझ्या लगेच लक्षात आलं. माझ्या माहेरी, पेठ तालुक्यात, भाताच्या बांधावर खेकडे धरायला जायचो तेव्हा तुझे आजोबा पहिल्यांदा काय शिकवायचे, तर गप बसायला. बिळापाशी पाय आपटलास की खेकडा आत गेलाच म्हणून समज. मी गेममधल्या माणसाला ओढ्याकाठी एका भोकासमोर उभं केलं आणि बोट उचललं. मनोज म्हणाला, काकू, असं काही नसतं. मी म्हटलं, तुमची अकरा पानं वाचली आहेत, तू गप. सोळा दिवस रोज अर्धा तास मी नुसती उभी होते.

सतराव्या दिवशी तो आला. माझ्या उभं राहण्यामुळे की त्याच्या मर्जीने, देव जाणे. रुपेरी अंग, शेपूट लांब, डोळे मिचकावणारा. मी ओरडलेच. समोरच्या रसवंतीवाल्याने वाकून पाहिलं. मनोज हातातला स्क्रू ड्रायव्हर टाकून मागे येऊन उभा राहिला. जाळं टाकायला बोट ठेवलं आणि माझी नजर त्याच्या पोटाकडे गेली. पोटाशी तीन बारीक बारीक पिल्लं. झालं! पोटाशी पिल्लं असलेली खेकडीण आमच्या घरात कुणी कधी धरली नाही. हाताला लागली तरी पाण्यात सोडायची, आणि सोडताना आजोबा तिला 'जा बाई' म्हणायचे. मी दुसरं बटण दाबलं. जा बाई, म्हटलं. ती गेली.

मनोजने कपाळाला हात लावला. 'काकू, ती पिल्लं नाहीत हो, ती त्याच्या अंगावरची नक्षी आहे!' तीन प्राण्यांचे रंग त्याच्या पोटावर असतात म्हणे, कुठल्याशा मासिकात त्याने चित्र पाहिलेलं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे, आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तुम्ही दोघं पलंगावर लोळून हसायचात तसाच तो अजून हसतो, आवाज न करता. ते बघितलं आणि माझं हसू गेलं. खोटं बोलून त्या पोरासमोर बसणं मला आणखी एक दिवसही जमलं नसतं.

रोहित, गेम भंगारात मिळाला नव्हता. तो आपल्या घराबाहेर कधी गेलाच नाही. सहामाहीत तुझे गुण घसरले तेव्हा मीच तो तुझ्या दप्तरातून काढला आणि नागलीच्या डब्यात तळाला पुरला. परीक्षा झाली की देईन, एवढाच विचार होता. दुसऱ्या दिवशी तू मनोजवर आळ घेतलास. तू त्याच्या घरी गेलास, सगुणाबाईंनी पोटच्या पोराचं दप्तर तुझ्यासमोर जमिनीवर ओतलं आणि त्याला दोन लगावल्या, हे तू येऊन मला सांगितलंस. मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले. त्यानंतर प्रत्येक दिवशी खरं बोलणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं. मला फार लाज वाटते रे.

हे सगळं मी मनोजला तिथेच सांगितलं. तो म्हणाला, गेम हातात घेतला तेव्हाच ओळखला होता, मागचा ओरखडा त्याच्याच हातून पडलेला. मग बोलला का नाहीस, विचारलं. तर म्हणे, 'तुम्ही रोज यायला लागलात. सात वर्षांत तुमच्या घरचं कुणी आलं नव्हतं.' मग खाली पडलेला स्क्रू ड्रायव्हर उचलत म्हणाला, 'गेमचं काही नाही काकू. पण कुणाचं काही हरवलं, की आई अजून आधी माझ्याकडे बघते.'

काल सकाळी मी सगुणाबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी चहाही विचारला नाही. हातातली पोळी लाटून झाली तशी पोळपाट बाजूला सारला आणि पिठाच्याच हातांनी, पायात चप्पलही न घालता, दुकानाच्या दिशेने चालू लागल्या. मी त्यांच्या मागे गेले नाही. संध्याकाळी मनोज घरी आला. त्याचा शर्ट पाठीवर पांढरा झाला होता. मी त्याला तुझा फोन लावून देते म्हटलं, तर नको म्हणाला. 'आधी तुम्ही सांगा, काकू. माझ्याकडून कळलं तर रोहितला वाटेल मी त्याला त्याच्या आईविरुद्ध सांगतोय.' एवढं एकच त्याने माझ्याकडे मागितलं, म्हणून हे पत्र. माझ्यावर किती दिवस रागवायचं ते तू ठरव, मी तक्रार करणार नाही. त्याचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. दुकान नऊला बंद होतं, पण तो म्हणाला, या आठवड्यात जरा उशिरापर्यंत उघडं ठेवीन.

तुझीच, आणि तुझी अपराधी,
आई