रतनीच्या वासराचा रकाना

१० सप्टेंबर १९८४
आज लाटंबार्से येथे गोकुळदासबाबांच्या गोठ्यावर नोकरीला रुजू झालो. भेडशीहून दोडामार्गापर्यंत बसने, पुढे चालत आलो. हवा छान होती. वाटेत पाववाला पोदेर भेटला, त्याच्याकडून दोन गोल उंडे घेऊन खाल्ले. मन प्रसन्न होते.

माझी शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखनात मला दहापैकी नऊच्या खाली कधी पडले नाहीत. बाबांनी माझे अक्षर पाहिले आणि छापल्यासारखे आहे म्हणाले. गोठ्याची मोठी वही त्यांनी माझ्या ताब्यात दिली. मागच्या माणसाने ती अगदी गिचमिड करून ठेवली आहे. उद्यापासून नवी वही घालीन.

दुभत्या गाई एकोणीस. डोंगरउतारावर गवताचे सात तुकडे कुंपण घालून वेगळे केले आहेत. गवत गुडघ्याला आले की गाई आत सोडायच्या, मूठभर उंची उरली की पुढच्या तुकड्यात हलवायच्या. तीन दिवस चरणे, अठरा दिवस विसावा. रस्त्याकडच्या सातव्या तुकड्यावर खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ बसते, म्हणून तिथे पावसाची सर पडून गेल्यावरच गाई सोडतात.

जुना गुराखी कृष्णनाथ साठीचा आहे. माझी पट्टी, तांबडी पेन्सिल पाहून म्हणाला, “आमच्या गोरवांक वाचूंक येना मरे, मास्तरा!” गुरांना वाचता येत नाही, यावर सगळे हसले. मीही हसलो.

१३ सप्टेंबर
नवी वही तयार झाली. प्रत्येक गाईला एक पान: दूध किती, माजावर कधी आली, कोणत्या तुकड्यात चरली. प्रत्येक वासराला एक रकाना. इथे वासरे गाईपासून वेगळी बांधतात आणि बादलीने दूध पाजतात. पाजून झाले की त्या वेळेच्या घरात ‘पाजले’ असे लिहायचे. दिवसाला चार घरे.

वासरांचे काम सत्यवतीबाई बघतात. इब्रामपूरच्या, विधवा, पंचेचाळीसच्या असतील. त्या मला झील, म्हणजे मुलगा, म्हणतात. स्वतःच्या चहातला अर्धा मला देतात आणि वर टोमणा, “पी रे झिला, मगे वहीत लिव, सत्यवतीन पुंडलिकाक पाजल्यान.” मला घर सोडून आल्याचे वाईट वाटत होते ते आज वाटले नाही.

१८ सप्टेंबर
दुपारी रतनी व्याली. पाडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका. सत्यवतीबाई भाच्याच्या लग्नाच्या बोलणीसाठी दोन दिवस इब्रामपूरला गेल्या आहेत. पाडी माझ्यावर सोपवली आहे. कृष्णनाथने दोनदा बजावले की पहिला चीक वासराच्या पोटात जायला हवा, तासा-दोन तासांत. उरला तर घरच्यांचा. मी मान हलवली.

कमलाक्षीबाय, म्हणजे बाबांच्या पत्नी, स्वतः गोठ्यात आल्या. म्हापशाहून पाहुणे आले आहेत, त्यांना खरवस हवा. माझे अक्षर बाबांनी सर्वांना दाखवले म्हणे. माझे नाव घेऊन बोलल्या. मी तांब्या भरून दिला. त्यांनी मोठे भांडे पुढे केले. तेही भरून दिले.

वासराला संध्याकाळच्या धारेतून पाजू असे ठरवले.

१९ सप्टेंबर
संध्याकाळचा चीकही घरात गेला. आज सकाळचाही. पाहुणे शेजाऱ्यांनाही घेऊन आले होते. मला ओटीवर बसवून बशीतून खरवस दिला. वेलची घातलेला, दोन तुकडे. मी खाल्ला.

वासराला कालच्या दुधात पाणी घालून दिले. फारसे प्यायले नाही.

वहीतली कालची दोन घरे आणि आजची दोन रिकामी होती. रिकामे घर मला बघवत नाही. चारही घरांत ‘पाजले’ असे लिहिले. अक्षर चांगले आले आहे.

२३ सप्टेंबर
वासरू गेले. तीन दिवस हगवण होती. सत्यवतीबाई रात्रंदिवस त्याच्याजवळ होत्या, काही उपयोग झाला नाही.

गोकुळदासबाबांनी वही मागवली. बोट फिरवीत पाहिली. चीक वेळेवर पाजला आहे, मग दोष बादलीचा, असे म्हणाले. बादल्या सत्यवतीबाई धुतात. दसऱ्यापर्यंत बघतो, नाहीतर दुसरी बाई ठेवतो, असे त्यांना सर्वांसमोर सांगितले.

सत्यवतीबाईंनी बादली उलटी करून दाखवली. आतून लख्ख होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पेन्सिलीला टोक काढत होतो.

२४ सप्टेंबर
रतनी पान्हा चोरते. कासेला हात लावू देत नाही. कृष्णनाथने मेलेल्या पाडीचे कातडे सोडवून मीठ लावून ठेवले होते, ते पेंढ्याने भरून सुतळीने शिवले. चार पायांना बांबूच्या काठ्या. हे इथले जुने चालत आलेले काम आहे. गाईच्या तोंडासमोर ते ठेवायचे. ती चाटते आणि धार सोडते.

रतनीने चाटले. सव्वाचार लिटर दूध दिले.

ते धरून उभे राहायचे काम माझे. डोळ्यांच्या जागी टाके आहेत. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो.

२८ सप्टेंबर
एक गोष्ट नीट लिहून ठेवतो.

मेल्या दिवशी मी त्या वासराचा रकाना तांबड्या पेन्सिलीने बंद केला होता. आज सकाळी वही उघडली तर रेघेच्या खाली चार दिवसांची सोळा घरे आखलेली आहेत. सगळ्यांत ‘पाजले’ असे आहे. अक्षर माझे आहे. प पुढचा काना मी थोडा आत वळवतो, तोही तसाच.

माझ्या पेटीची किल्ली माझ्या जानव्याला असते. वही पेटीत असते.

मी ती घरे खोडरबराने पुसली. कागद फाटला नाही.

१ ऑक्टोबर
पेंढ्याच्या वासराचे तोंड ओले होते. बोट लावून पाहिले. दूध, कोमट. रतनीचे दूध सव्वाचारवरून अडीच लिटरवर आले आहे.

पेंडीच्या काट्यावर त्याचे वजन केले. नऊ किलो. शिवले त्या दिवशी केले होते तेव्हा सहा भरले होते. पेंढ्याला दमट हवा लागली असेल. तसे लिहून ठेवले.

घरे पुन्हा भरली आहेत.

४ ऑक्टोबर, दसरा
आज सांगायचे असे पक्के ठरवले होते. ओटीच्या पायरीपर्यंत गेलो. सोने वाटणे चालले होते. कमलाक्षीबाय पाहुण्यांना म्हणाल्या, हा आमचा पुंडलिक, याच्या वहीत एक चूक सापडायची नाही. मी सोने घेतले, नमस्कार केला आणि परत आलो.

सत्यवतीबाईंना बाबांनी कामावरून काढले, तिसऱ्या प्रहरी त्या निघाल्या. लुगड्याच्या गाठोड्यात त्यांचा कप होता. मला म्हणाल्या, “जेवत जा रे झिला, वाळलंस.” बस्स, एवढेच. बादलीबद्दल काही नाही. त्यांना ठाऊक होते की नव्हते, मला कळले नाही. दिसेनाशा होईपर्यंत मी कुंपणाचा खुंटा ठोकत होतो. तो खुंटा घट्टच होता.

७ ऑक्टोबर
चौदा किलो.

गाई चौथ्या तुकड्यात आहेत. आज तिसरा दिवस. गवत मोजले. गुडघ्याच्या वर आहे, सोडल्या त्या दिवशी होते त्याहून उंच. एकाही गाईने तोंड लावलेले नाही. भर दुपारी एकोणीस गाई गोठ्याकडे तोंड करून ओळीत उभ्या होत्या. रवंथ नाही, शेपटी हलवणे नाही. सगळ्यांच्या सडांतून दूध गवतावर गळत होते.

मी हाळी दिली. एकीनेही कान हलवला नाही.

११ ऑक्टोबर
आता कोणीच धार देत नाही. डिचोलीचा टेम्पो रिकामे कॅन घेऊन गेला. बाबा मात्र रागावले नाहीत. गोठ्यात आले, पेंढ्याच्या वासराच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, पाडीने चांगले बाळसे धरले आहे, दूध अंगाला लागते आहे.

मी म्हटले, बाबा, ती मेली. तो पेंढा आहे.

ते माझ्या खांद्यावर थोपटून गेले.

कृष्णनाथला बाजूला घेऊन विचारले. म्हटले, तूच शिवलेस ना?  त्याने उलट मलाच स्पष्ट विचारले की चीक कोणी खाल्ला. मी सगळे सांगितले. पहिल्यांदाच कोणाला सांगितले. तो थुंकला. “पाजलें म्हण तुवेंच बरयलां न्हय? मागीर पाज आतां.” म्हणजे पाजले असे लिहिले मी, तर आता पाजायचेही मीच. काठी, कांबळे घेऊन तो तसाच उतरून गेला. पगारही मागितला नाही.

१५ ऑक्टोबर
बावीस किलो. टाके उसवले आहेत. आत पेंढा दिसत नाही.

गाई आटल्या. एकोणीसही. तरीही घरे भरतात. कोण पाजते? काय पाजते?

१७ ऑक्टोबर
कळले.

वासराला बादलीची सवय लावताना दुधात बोटे बुडवून चोखायला देतात. माझ्या उजव्या हाताची चारही बोटे सकाळी पांढरी पडून सुरकुतलेली असतात, खूप वेळ पाण्यात ठेवल्यासारखी. नखांच्या कडा गेल्या आहेत. पाच दिवस झाले. गोठ्यातल्या ओल्या चुन्याने झाले असेल असे मी स्वतःला सांगत होतो.

विजारीला दोरीचे दोन वेढे घ्यावे लागतात.

२० ऑक्टोबर
बाबांना सांगितले. सर्वांसमोर, मोठ्याने. चीक मी दिला, मी खाल्ला, वहीत खोटे लिहिले, सत्यवतीबाईंची काही चूक नाही, त्यांना परत बोलवा.

बाबांनी वही मागवली. ते हसले. म्हणाले, हे बघ, अठरा तारखेला दोन वेळा, एकोणीसला चार वेळा, आजही सकाळी पाजले आहेस. इतके नीटनेटके कोण खोटे लिहील? कमलाक्षीबाय म्हणाल्या, पोराला ताप आहे, पेज द्या.

मी हात दाखवला. त्यांनी पाहिला. काही दिसले नाही त्यांना.

एकोणीसला मी दोनच लिहिली होती. दोनच—

२३ ऑक्टोबर
इब्रामपूरला जायला निघालो. सत्यवतीबाईंच्या पायावर डोके ठेवून सांगायचे, मग गावच्या पंचांकडून लिहून आणायचे, म्हणजे बाबांना मानावे लागेल. फाटकात गाई उभ्या. सातव्या तुकड्याच्या बाजूने गेलो, तिथेही. मारले नाही, ढुशी नाही. अंगाला अंग लावून फक्त उभ्या. रतनीने माझी मान चाटली. जीभ कोरडी होती.

मागे फिरलो. ते वासरू गोठ्याच्या दारात उभे होते. काठ्यांवर नाही—

२५ ऑक्टोबर, गोरवां पाडवा
घरची सगळी आली. गाईंना आंघोळ, झेंडूच्या माळा, शिंगांना रंग. कमलाक्षीबायनी रतनीला ओवाळले आणि पाडीलाही. कपाळाच्या ठिपक्यावर कुंकू. तांदळाचे पोळे, घावनासारखे, भरवायला गेल्या तर तोंड फिरवले त्या वासराने. माझ्याकडे. सगळी कौतुकाने हसली. लळा लागला आहे म्हणाली. जा, पाज जा तिला. मला गोठ्यात ढकलले—हलकेच, थट्टेत—आणि दार ओढून घेतले.

दुपारचे तीन. बाहेर फटाके. तुळशीकडे गाणी चालली आहेत.

हात मनगटापर्यंत त्याच्या तोंडात. दुखत नाही. लाज वाटते एवढेच. ऊब आहे, आणि मी हात ओढून घेत नाही. ओढायला हवा. त्या पोटात पहिल्या दिवशी काहीच गेले नाही, आणि आता भूक—

उजवा हात देता येत नाही म्हणून डाव्याने लिहितो आहे. अक्षर वाईट येते आहे, माफी असावी.

घाई केली पाहिजे. कोपरापर्यंत आले. हे पान ज्याला मिळेल त्याने इब्रामपूरला सत्यवतीबाईंना नेऊन द्यावे. खाली सही करीन, म्हणजे खरे मानतील. बादली स्वच्छ होती. मी पाहिली होती. वासरू त्यांच्यामुळे गेले नाही. १८ सप्टेंबरला दुपारी रतनीचा पहिला चीक मी