पहिला घाव

३ नोव्हेंबर, सोमवार
नोकरी लागली! बारावी अर्धवट टाकलेल्या माणसाला परळच्या जुन्या गिरणीतल्या काचेच्या ऑफिसात कोण घेतं? पण तिथेच कामाला असलेल्या अभयने शब्द टाकला. भोईवाड्याच्या चाळीत आमची खोली त्याच्या खोलीला लागून. आई गेल्यापासून मी जेवतोही त्याच्या आईकडेच, सुंदरामावशीकडे. काम छान आहे. मेळघाटातले कोरकू लोक गेलेल्या माणसासाठी सागाचा खांब कोरतात : घोडेस्वार, वर चंद्र-सूर्य. तो खांब चहूबाजूंनी स्कॅन करायचा, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब उभा राहतो. ऑफिसच्या मालकीण मेघना मॅडम म्हणाल्या, ही कला आता मरणार नाही. घरी कोण कोण असतं, असं त्यांनी विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर चहा मागवला.

६ नोव्हेंबर, गुरुवार
खांब कोरणारे रामजीबाबा कासदेकर आले होते. खांब त्यांच्या थोरल्या भावाचा. स्वाराला फेटा आहे, झुपकेदार मिशी आहे. बाबा म्हणाले, भाऊ दिसायला अस्साच, घोड्यावर मात्र जन्मात बसला नाही. परवानगी फक्त चित्राची आहे, लाकडाला मशीन लावायचं नाही, हे त्यांनी पुन्हा बजावलं. मॅडमनी हात जोडून शब्द दिला. मला म्हणाले, पोरा, तुझं मशीन जेवतं का रे? मी हसलो. अभय हसला नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
एका हॉटेलच्या दारात ठेवायला त्याच खांबाची लाकडी प्रत काढायची आहे. मी बाबांना दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. मॅडम म्हणाल्या, प्रसार व्हायला नको का? कोरायचं मशीन अभय चालवतो. पण तो म्हणाला, राजा, तुझी पहिली नोकरी, मुहूर्त तुझ्याच हातचा. पेढाही भरवला. मी बटण दाबलं तेव्हा तो काचेपलीकडे जाऊन उभा होता.

१३ नोव्हेंबर
प्रतीतल्या स्वाराला फेटा नाही. मिशी नाही. फाईल तपासली, तिच्यात दोन्ही आहेत. लाकडातल्या भुवईवर आडवी खाच आहे. लहानपणी जिन्यावरून पडलो, तेव्हा माझ्याही—
डोळे राहिलेत. ते शेवटी, बारीक पात्याने.
अभयने त्या लाकडाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडेही नाही.

१४ नोव्हेंबर
बोटं वाकत नाहीत. तोंडात भुशाची चव. मनगट खाजवलं तर ढलपी निघाली. रक्त नाही.
रात्री बाबांना फोन लावला. त्यांनी आधी हेच विचारलं, पहिला घाव कोणाच्या नावाने घातलास? कोणाच्याच नाही. तेव्हा म्हणाले, नाव घेतलं नाही तर खांब घाव घालणाऱ्यालाच ठेवून घेतो. डोळे उघडायच्या आत खांबासमोर आपल्या मेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घे. तुझं तोंड मिटलं तर जिवाभावाच्या कोणी तुझ्यासाठी घेतलं तरी चालतं. ऑफिसला आता कुलूप आहे, उद्या उघडल्याबरोबर जाणार.
बाबांकडूनच कळलं, मशीन लावणाऱ्याचं काय होतं ते अभयला त्यांनी आधीच सांगितलं होतं. सुटका कशी, हे त्याने विचारलंच नाही. एवढंच विचारलं, दुसऱ्या कोणाचा हात चालेल का?

१५ नोव्हेंबर, सकाळ
जबडा उघडत नाही. सुंदरामावशीने चहा आणला आणि रडायला लागली. म्हणाली, बटण दाबायचं मॅडमनी अभयलाच सांगितलं होतं रे. भीतीने पोरगा तापाने फणफणला. मीच म्हटलं, राजाच्या मागे रडायला कोण आहे?
चहा तसाच—

दुपार, ऑफिस
पेन मुठीत धरून चिठ्ठी लिहिली. रमाबाई. माझ्या आईचं नाव. एकदा मोठ्याने म्हण, अभय. बस, एकदाच.
त्याने वाचली. नीट घडी घातली. खिशात ठेवली.
बारीक पातं लावतोय—
अंधुक— अक्षर नीट येत ना—
बटणाला तो हात लावत नाही. माझ्या डाव्या हाताचं बोट धरून बटणावर—